दागिना उकलून पाहावा

लग्नसराई जवळ आली की गुलजार हौजापासून पत्थरगट्टीपर्यंतच्या कमानींखाली मराठी बोल अधिक ऐकू येऊ लागतात. नांदेड, लातूर, उदगीर, बीदरकडची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचा बस्ता बांधायला आणि दागिने घ्यायला या शहरात येत आली आहेत. आम्हां हैदराबादकर मराठी मंडळींकडे मग पाहुण्यांची वर्दळ सुरू होते, आणि वाटाड्या म्हणून बाजारात जाण्याचा योग दर वर्षी एकदोनदा तरी येतोच. या फेऱ्यांत एक गोष्ट आमच्या ध्यानी आली आहे. साडीचा पदर उलटून, बुट्टी पालथी घालून, धागा ओढून पाहणारी गृहिणी सराफाच्या गादीसमोर बसली की दोनच प्रश्न विचारते. आजचा भाव काय, आणि घडणावळीत किती सोडणार? हा दागिना कशाकशाचा बनला आहे, हा तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. विचारणे म्हणजे घरच्या सराफावर अविश्वास दाखविणे, अशी एक भीड मनात असते.

ही भीड आमच्या घराला कशी नडली ते आधी सांगतो.

आमचे तीर्थरूप तरुणपणी दरबारी गायक होते. त्या काळी एका देवडीतल्या मैफलीनंतर त्यांना बिदागी म्हणून एक कंठी मिळाली. कोंदणात बसविलेले सात पांढरे खडे, मधूनमधून लाल खडे, पाठीमागे हिरवी-तांबडी मीनाकारी आणि खाली बारीक मोत्यांची झालर. आईने ती आयुष्यात पाचसहा वेळाच घातली असेल. परंतु घरात काही अडले की "चार तोळ्यांची कंठी आहे ना" असे म्हणून ती निर्धास्त असे. डबीच्या झाकणात तिने चिठ्ठीच चिकटविली होती : 'कंठी, चार तोळे, सात हिरे.' वडील गेल्यानंतर आईच्या शस्त्रक्रियेसाठी पैशांची निकड लागली आणि आम्ही ती डबी घेऊन एका पेढीवर गेलो. काट्यावर वजन भरले सत्तेचाळीस ग्रॅम. म्हणजे जुन्या ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने बरोबर चार तोळे. आईचे म्हणणे खरे ठरले याचा आनंद पुरता पाच मिनिटेही टिकला नाही. कारागिराने एक कोंदण उकरून दाखविले, आतली लाख काढली आणि सांगितले की यात सोने निघेल ते सतरा ग्रॅमच्या घरात. लाल खडे कृत्रिम. सात 'हिऱ्यां'पैकी पाच स्फटिक. मोती? "झालर काढून टाका, पिवळी पडली आहे, तिला किंमत नाही." फसविले कोणी, असे विचाराल तर कोणीच नाही. देणाऱ्याने चार तोळ्यांचे सोने म्हणून कंठी दिली नव्हती. चार तोळे सोने आहे, हे आम्हीच मानून बसलो होतो.

जडावाचा दागिना हा पोटातून पोकळ असतो, हे या शहरात तरी प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. सोन्याच्या पातळ पत्र्याचे घर तयार करतात, त्यात लाख भरतात, लाखेवर चांदीचा चकचकीत वर्ख ठेवून त्यावर खडा बसवितात आणि मग खड्याभोवतीच्या फटीत जवळजवळ शुद्ध सोन्याची पातळ पट्टी दाबून दाबून घट्ट करतात. ही पट्टी म्हणजेच कुंदन. आपल्या मराठीत कोंदण. शुद्ध सोने इतके मऊ असते की विस्तवाशिवाय, नुसत्या दाबाने ते स्वतःला चिकटते. हे काम पाहत राहावे असे असते. परंतु ग्राहकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की काट्यावर जे वजन दिसते त्यात लाख आहे, खडे आहेत, मोती आहेत, मीना आहे आणि गोंड्याचा दोराही आहे. पुन्हा, खड्याची पाठ बंद असल्यामुळे मागून उजेड पाडून तो पाहता येत नाही. खालचा वर्ख फिक्या खड्याला रंग देतो आणि मंद खड्याला तेज देतो. एरवी हा कारागिरीचा गुण आहे. पण त्याच आडोशाला काचही हिरा म्हणून सुखाने नांदू शकते.

आणि येथेच कायद्याचे कवच संपते. भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क २००० साली ऐच्छिक म्हणून सुरू झाला आणि जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून तर प्रत्येक नगावर अक्षर-अंकांचा सहा स्थानांचा स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. ब्यूरोच्या मोबाइल-ॲपवर तो क्रमांक घातला की तो नग कोणत्या सराफाने नोंदविला, कोणत्या केंद्रात तपासला गेला, कस किती, हे कळते. फार चांगली सोय आहे. परंतु २०२१ मध्ये सक्ती आली तेव्हा कुंदन, पोलकी आणि जडाव हे प्रकार तीतून वगळण्यात आले. कारण उघड आहे : लाख भरलेल्या, खडे जडविलेल्या वस्तूचा कस न मोडता नेमका काढणे कठीण. म्हणजे हैदराबादचे नाव ज्या दागिन्यांनी गाजले, नेमके तेच शिक्क्याच्या सक्तीबाहेर राहिले. या दागिन्यांच्या खरेदीत ग्राहकाची राखण पावती करील तेवढीच.

तेव्हा पावती कशी असावी? एकूण वजन वेगळे, लाख-खडे-मोती यांचे वजन वेगळे, निव्वळ सोन्याचे वजन वेगळे, त्या सोन्याचा कस, आणि खड्यांचे प्रकार, संख्या व वजन. हे सारे लिहून मागावे. समजा एक हार चाळीस ग्रॅमचा आहे आणि त्यात सहा ग्रॅम खडे आहेत. हे सहा ग्रॅम सोन्याच्या भावाने लावले गेले तर आपण काचेला सोन्याची किंमत दिली. उरलेले चौतीस ग्रॅम बावीस कॅरटचे असतील तर शुद्ध सोने झाले ३१.१४ ग्रॅम, अठरा कॅरटचे असतील तर २५.५. कॅरटचा हिशेब चोविसात आहे. बावीस म्हणजे हजारात ९१६ भाग सोने, अठरा म्हणजे ७५०, चौदा म्हणजे ५८५. चौदा कॅरटचे नाव काढले की जुनी माणसे अजून कपाळाला आठ्या घालतात. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले तेव्हा त्याहून वरच्या कसाचे दागिने घडविण्यासच बंदी झाली होती, आणि कित्येक सोनारांच्या घरची चूल त्या नियमाने विझली. सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

घडणावळीबरोबर आणखी एक आकडा असतो. इथल्या दुकानांत तेलुगूत त्याला 'तरुगु' म्हणतात. आपण घट म्हणू. घडविताना सोने झिजते, भुकटी उडते, त्याची ही भरपाई. यंत्रावर ओतलेल्या साखळीत घट ती कितीशी असणार? तरी टक्केवारी लावली जाते. ती मजुरीचाच दुसरा भाग आहे असे समजून दोन्ही आकडे एकत्र करावेत आणि मग दोन दुकानांची तुलना करावी. "हे केडीएम आहे" असे सांगून कोणी शुद्धतेची ग्वाही देऊ लागला तर हसून सोडून द्यावे. केडीएम हे कॅडमियम मिसळलेल्या डाकाचे, म्हणजे जोडकामाच्या मिश्रणाचे नाव. कसाचा तो शिक्का नव्हे. शिवाय कॅडमियमचा धूर कारागिराच्या छातीला बाधतो म्हणून त्याचा वापर बंद करण्यात आला आहे. दुकानातले क्ष-किरणांचे कॅरटयंत्र उपयोगी आहे, पण ते पृष्ठभागाचा कस सांगते. जाड मुलाम्याखाली काय दडले आहे ते त्याला दिसेलच असे नाही.

आता मोती. या विषयावर चार शब्द अधिक लिहिल्यावाचून हैदराबादच्या माणसाला राहवत नाही.

हैदराबादजवळ समुद्र नाही, आणि मोत्याचा शिंपला येथे कधी निपजला नाही. हैदराबादी मोती म्हणजे हैदराबादेत वेधलेला, निवडलेला, जोडी लावून ओवलेला मोती. पूर्वी तो इराणच्या आखातातून मुंबईमार्गे येई. बसरा हे त्या व्यापाराचे बंदर म्हणून त्याला बसऱ्याचा मोती म्हणत; पाणबुडे मात्र बहरीन आणि आजूबाजूच्या किनाऱ्यांवर बुडी मारीत. आपल्या आज्यांच्या नथी, तन्मणी, चिंचपेट्या याच मोत्यांच्या असत. पुढे जपानात कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात कण घालून अर्धगोल मोती पिकविला. पहिल्या महायुद्धानंतर पूर्ण गोल मोती बाजारात आले आणि १९३० च्या सुमारास नैसर्गिक मोत्याचा भाव कोसळला. न्यूयॉर्कमध्ये १९१७ साली कार्तिए या जवाहिऱ्यांना एका मोत्यांच्या दुपदरी कंठ्याच्या बदल्यात फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा वाडा मिळाला होता. तोच कंठा १९५७ मध्ये लिलावात दीड लाख डॉलरांच्या आसपास गेला. त्यानंतर काटा पुन्हा फिरला. आखातातली मोत्यांची बुडी जवळजवळ संपल्यामुळे जुन्या नैसर्गिक मोत्यांना आज पुन्हा चढती किंमत आहे.

आज पत्थरगट्टीत जो मोती सर्रास मिळतो तो बहुतांशी चीनमधल्या गोड्या पाण्यात पिकविलेला असतो. हा खोटा मोती नव्हे. शिंपल्यातल्या जिवाच्या आवरणाचा तुकडा दुसऱ्या शिंपल्यात रोवतात आणि त्याभोवती थरावर थर चढत जातात; एकाच शिंपल्यात असे कितीतरी मोती पिकतात, म्हणून ते स्वस्त. येथे आल्यावर ते हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून, आरसे लावलेल्या पेट्यांतून उन्हे दाखवून उजळवितात. घेणाऱ्याने पिकविलेला मोती पिकविलेला म्हणून, त्याच्या भावाने घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. दाताच्या कडेवर मोती घासून खरखर लागली की तो खरा, अशी एक परीक्षा सगळ्यांना पाठ असते. ती अर्धीच खरी आहे. काचेचा वा प्लॅस्टिकचा मणी गुळगुळीत लागतो आणि शिंपल्यातला मोती खरखरतो, एवढेच तीतून कळते. पिकविलेला मोतीही तसाच खरखरतो, कारण वरचा थर दोघांचा एकच. नैसर्गिक की पिकविलेला, हा निवाडा क्ष-किरणांखाली होतो. लंडनच्या व्यापाऱ्यांनी १९२५ मध्ये रत्नपरीक्षेची प्रयोगशाळा काढली ती मोत्याच्या याच पेचापायी. तेव्हा कोणी 'बसरा' म्हणून भाव सांगू लागला तर प्रयोगशाळेचा दाखला मागावा. दाखला नसेल तर तो बसऱ्याचा नाही असे समजून भाव ठरवावा.

मुंबईच्या जुन्या मोतीबाजारात भावासाठी 'चव' नावाचे माप चाले. त्यातली खुबी अशी की किंमत वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात चढे. एक-एक रतीच्या दोन मोत्यांपेक्षा दोन रतींच्या एका मोत्याची चव दुप्पट. मोठा निर्दोष मोती दुर्मिळ, हे व्यवहारी शहाणपण त्या हिशेबात बसविलेले आहे. हिऱ्यालाही तोच न्याय लागतो. रत्नाचा कॅरट हे वजन आहे, २०० मिलिग्रॅमचे. सोन्याच्या कसाच्या कॅरटशी त्याचा संबंध नाही. दहा सेंटांचे दहा हिरे मिळून एक कॅरट भरले तरी कॅरटभराच्या एका हिऱ्याचा भाव त्यांना नसतो. 'एकूण हिरे एक कॅरट' असे चिठ्ठीवर वाचून भुलणाऱ्यांनी नग किती ते आधी मोजावे.

गोवळकोंड्याच्या नावाने आजही पुष्कळ हिरे विकले जातात. गोवळकोंडा ही बाजारपेठ होती. खाण कृष्णाकाठी कोल्लूरला आणि इतरत्र. अठराव्या शतकात ब्राझीलचे हिरे निघेपर्यंत जग आपल्याच हिऱ्यांवर अवलंबून होते, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण गावाचे नाव हा पुरावा नव्हे. निजामाच्या जवाहिरातला सर्वांत प्रसिद्ध हिरा जेकब. मीर महबूब अली खान यांच्या पश्चात तो त्यांच्या चढावाच्या टोकात सापडला आणि मीर उस्मान अली खान यांनी तो कागदांवर वजन म्हणून ठेवला, ही कथा सर्वश्रुत आहे. तो १८४ कॅरटांहून अधिक वजनाचा हिरा मूळ दक्षिण आफ्रिकेचा मानला जातो! भारत सरकारने १९९५ मध्ये हे १७३ नगांचे जवाहीर २१८ कोटी रुपयांना घेतले आणि २००१ मध्ये सालारजंग संग्रहालयात ते लोकांपुढे मांडले, तेव्हा रांगा लागल्या होत्या. आता नवी अडचण प्रयोगशाळेत वाढविलेल्या हिऱ्याची. तोही कार्बनच, दुकानातली उष्णतेची लेखणी त्याला हिराच म्हणते, कारण तो हिराच आहे. मात्र त्याचा भाव गेल्या काही वर्षांत फार खाली आला आहे, आणि पोलकीच्या रूपातही तो आता मिळतो. कोंदणात बसण्यापूर्वी खडा पाहिला तर पाहिला.

रंगीत खड्यांविषयी थोडक्यात. कृत्रिम माणिक १९०२ पासून, वर्न्युई यांच्या पद्धतीने, भट्टीत बनत आले आहे; म्हणून 'आजीच्या वेळचे आहे' ही खऱ्या माणकाची खूण नव्हे. इंग्लंडच्या राजमुकुटातले प्रसिद्ध 'माणिक'सुद्धा प्रत्यक्षात माणिक नसून स्पिनेल, म्हणजे जुन्या जवाहिऱ्यांचा 'लाल', आहे, राजेही चुकतात. हल्ली भेगांत शिसेयुक्त काच भरलेली माणके येतात, ती सोनाराच्या दिव्याखाली वा आम्लात बिघडतात. पाचूत जाळे असायचेच, आणि ते दिसू नये म्हणून त्याला तेल देण्याची चाल जुनी आहे. निर्मळ, मोठा आणि स्वस्त पाचू दिसला तर हात आखडता घ्यावा. पुष्कराज मागितला की कोणी पिवळा नीलम देतो, कोणी टोपाज, कोणी नुसता पिवळा स्फटिक. तिघांच्या भावांत जमीन-अस्मानाचे अंतर. ग्रहांसाठी घेणाऱ्यांनीही निदान आपण कोणता दगड घेतो आहोत ते लिहून घ्यावे.

कोणी म्हणेल, दागिना हौसेने घ्यायचा, त्यात एवढी चिकित्सा कशाला? आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना आम्ही तंबोरा घ्यायला मिरजेला पाठवितो तेव्हा ती भोपळ्यावरची नक्षी पाहून भाळतात. जवारी ऐकायची राहून जाते. हौस असावी, पण तंबोरा पुढे वीस वर्षे कानाशी राहणार असतो. दागिन्याचे तर याहून पुढचे आहे. आपल्याकडे बाईच्या नावावर शेत नसते, घर क्वचित असते. जे असते ते तिच्या अंगावर. कायद्याने ते पुरते तिचे आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीची मालमत्ता संपूर्णपणे तिची ठरविली, आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात १९८५ मध्ये स्त्रीधनावर नवऱ्याचा वा सासरचा हक्क नाही हे निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु मोडीला गेल्यावर काटा कायदा पाहत नाही. तेथे घडणावळ जाते, घट जाते, लाख जाते, खडे बहुधा बाजूला ठेवून परत मिळतात. हाती येतो तो सोन्याचा भाव. लेकीला पाच तोळे घातले असे आपण चारचौघांत सांगतो, तेव्हा तिच्या अडचणीच्या दिवशी त्यातले किती तोळे उरतील हे बापाने खरेदीच्या दिवशीच काढून ठेवायला नको काय?

आमचा सल्ला असा नाही, की जडाव घेऊ नये. ती कला या शहराने जपली आहे आणि ती घेणाऱ्यांवरच जगते. लाड बाजारच्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हांला मनापासून आनंद झाला. तीनशे रुपयांची ती बांगडी कोणी सोने समजून घेत नाही, म्हणून तिच्यापायी कोणी रडतही नाही. अंगावर मिरवायचा जडाव मिरविण्यासाठी घ्यावा, गाठीला बांधायचे सोने साध्या पाटल्यांत, गोठांत, वेढणीत हॉलमार्क पाहून घ्यावे, आणि दोन खात्यांची सरमिसळ करू नये. हॉलमार्कच्या नगात लिहिल्याहून कस कमी निघाला तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. घरातला जुना दागिनाही ब्यूरोमान्य केंद्रात अल्प शुल्कात तपासून मिळतो. सराफाला हे विचारताना संकोच वाटू देऊ नये. चांगला सराफ अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट गादीवरून उठून आतून भिंग आणून देतो, असा आमचा अनुभव आहे.

कंठीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. शस्त्रक्रियेचे पैसे मित्रमंडळींनी उभे केले आणि कंठी उकरलेल्या स्थितीतच घरी परत आली. काही महिन्यांनी गोंडा बदलण्यासाठी ती एका वयोवृद्ध पटव्याकडे नेली. त्याने सोन्याकडे पाहिलेही नाही, झालर तळहातावर घेतली, खिडकीशी नेली आणि म्हणाला, "हे मोती कापून टाकायला कोणी सांगितलं, मास्तर?" त्याच्या सांगण्यावरून ते मुंबईला तपासणीसाठी पाठविले. कागद आला : तेवीस मोती, सर्व नैसर्गिक, खाऱ्या पाण्याचे. ज्यांना किंमत नव्हती त्यांचीच किंमत सतरा ग्रॅम सोन्यापेक्षा अधिक भरली.

आईने झाकणातली जुनी चिठ्ठी फाडू दिली नाही. तिच्या खाली, आमच्याकडून, दुसरी चिकटवून घेतली : 'सोने १७ ग्रॅम. हिरे दोन. मोती तेवीस, त्यांतले सात नातीच्या नथीला दिले.'